गूगलवर पान सापडत नाही? मोबाइल पानं इंडेक्समध्ये आणण्याची पूर्ण पद्धत

वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या रोपवाटिका, हिंगणघाटकडचे जिनिंगवाले, तालुक्याच्या गावची कृषी केंद्रं, शेतकरी उत्पादक कंपन्या, अशा अनेकांनी अमरावती-नागपूरच्या कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतली आहे. कार्डावर पत्ता छापलेला असतो, काउंटरवर क्यूआर चिकटवलेला असतो, पण गूगलवर शोधलं तर फेसबुकची जुनी पोस्ट निघते आणि वेबसाइट निघत नाही. मग ‘एसइओ’चं, म्हणजे साइट गूगलवर वर आणून देण्याचं, पॅकेज विकणाऱ्याचा फोन येतो. पॅकेज घेण्याआधी पुढची तपासणी करा. दोष बहुतेक वेळा यातच निघतो आणि तो काढायला खर्च फारसा नाही.

इंडेक्स म्हणजे गूगलने वाचून साठवलेल्या पानांची यादी; तिच्यात नसलेलं पान शोधात निघत नाही. आधी हे पक्कं लक्षात घ्या की गूगल तुमची साइट फोनवरून वाचतो. या पद्धतीची, म्हणजे मोबाइल-फर्स्ट इंडेक्सिंगची, घोषणा नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली, मार्च २०१८ पासून साइट्स तिकडे वळू लागल्या, १ जुलै २०१९ पासून नव्या साइट्स थेट त्यातच धरल्या जाऊ लागल्या, आणि ५ जुलै २०२४ नंतर उरलेल्या साइट्सही ‘गूगलबॉट स्मार्टफोन’च वाचू लागला. हा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, स्वतःची ओळख नेक्सस ५एक्स नावाच्या अँड्रॉइड फोनची देतो. त्यामुळे कॉम्प्युटरवर जे दिसतं पण फोनवर येत नाही, ते गूगलच्या लेखी तुमच्या पानावर नाहीच. आणि साइट फोनवर उघडतच नसेल, तर ती इंडेक्समध्ये येण्याचा प्रश्नच मिटला.

उदाहरण म्हणून शेंदूरजनाघाटची एक रोपवाटिका धरू. पानं चार-पाचच: मुखपृष्ठ, संत्रा कलमं, मोसंबी-लिंबू, दर, संपर्क. (खाली येणारे टॅग आणि फाइलींची नावं प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.)

सर्च कन्सोल स्वतःच्या नावावर

गूगलला आपली साइट कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगल सर्च कन्सोल मोफत आहे. स्वतःच्या जीमेलने उघडा आणि ‘डोमेन’ प्रकारची प्रॉपर्टी, म्हणजे आपल्या साइटची नोंद, जोडा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला पत्ता, एचटीटीपी-एचटीटीपीएस, जुनं ‘एम डॉट’ (फोनसाठीचा वेगळा पत्ता) असेल तर तेही, सगळं तिच्यात एकत्र दिसतं. मालकी सिद्ध करायला ते एक टीएक्सटी रेकॉर्ड देतात. ते डोमेन विकत घेतलेल्या खात्यात, डीएनएस सेटिंगमध्ये टाकायचं. रेकॉर्ड लागू व्हायला कधी काही मिनिटं लागतात, कधी दिवस-दोन दिवस. मालकी सिद्ध झाल्यावर ते काढू नका, नाहीतर मालकी पुन्हा जाते.

गाडं इथेच अडतं, कारण डोमेन साइट बनवणाऱ्याच्या खात्यावर असतं आणि तो फोन उचलत नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून वावर कसण्यासारखा हा प्रकार आहे. डोमेन आपल्या ईमेलवर करून घ्या, साइटवाल्याला सर्च कन्सोलमध्ये ‘युजर’ म्हणून जोडा, ‘ओनर’ स्वतः राहा. डीएनएसला हात लागतच नसेल तर ‘यूआरएल प्रीफिक्स’ प्रॉपर्टी घेऊन त्यांचा मेटा टॅग मुखपृष्ठाच्या हेड भागात टाकला तरी तात्पुरतं चालतं.

एक जुनी भानगडही तपासा. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून मोफत बनणाऱ्या साइट्स मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. कार्डावर किंवा क्यूआरमध्ये अजून तोच पत्ता असेल तर तो आधी बदला.

गूगलने पान पाहिलंय का?

सर्च बॉक्समध्ये ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि डोमेन टाकलं की ढोबळ अंदाज येतो. खरं उत्तर मात्र सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत पानाचा पूर्ण पत्ता टाकल्यावरच मिळतं. ‘पेज इंडेक्सिंग’ हा भाग उघडा आणि नीट वाचा. ‘क्रॉल्ड अ‍ॅज’समोर गूगलबॉट स्मार्टफोन हवं. ‘क्रॉल अलाउड’ आणि ‘इंडेक्सिंग अलाउड’ या दोन्हींपुढे ‘येस’ हवं. ‘पेज फेच’ यशस्वी हवं. शेवटी दोन कॅनॉनिकल, म्हणजे पानाचे मुख्य मानलेले पत्ते, दिसतात, एक तुम्ही सांगितलेला आणि एक गूगलने निवडलेला. दोन्ही एकच असावेत.

नंतर ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबा आणि ‘व्ह्यू टेस्टेड पेज’ उघडा. बॉटला दिसलेल्या पानाचा फोटो तिथे येतो आणि शेजारी त्याचं एचटीएमएल. त्या एचटीएमएलमध्ये तुमच्या पानावरचा एखादा नेमका शब्द शोधा, समजा ‘जंबेरी’ (कलमाच्या खुंटाचा एक प्रकार). सापडला तर मजकूर पोचला. नाही सापडला तर पुढचं सगळं वाचा.

पूर्वीचं मोबाइल-फ्रेंडली टेस्ट हे साधन आणि सर्च कन्सोलमधला मोबाइल युजेबिलिटी अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाले, तेव्हा जुन्या व्हिडिओंत दाखवलेले ते पडदे शोधत बसू नका. साइटची मालकी अजून सिद्ध झाली नसेल तर गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये पत्ता टाका. तिथेही बॉटला दिसलेलं एचटीएमएल बघता येतं.

दार बंद असण्याची तीन कारणं

वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ पानावर, सर्च इंजिनांना इंडेक्स करण्यापासून परावृत्त करा, अशा अर्थाचा एक चौकोन आहे. साइट बनवताना तो टिचकवतात आणि नंतर विसरतात. तो काढा. एसइओ प्लगइन असेल तर त्यातही एकेका पानावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका ही खूण, लागलेली असू शकते.

दुसरं, डोमेनपुढे स्लॅश देऊन ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ उघडा. बॉटने काय वाचायचं नाही ते या फाइलीत लिहिलेलं असतं. ‘डिसअलाउ’पुढे नुसती एक स्लॅश असेल तर संपूर्ण साइट बंद आहे. सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे फोल्डरही बंद नसावेत, कारण ते मिळाले नाहीत तर बॉटला पान मोडकं दिसतं. ही फाइल नसली, म्हणजे ४०४ (‘पान सापडलं नाही’) आला, तरी बिघडत नाही. पण तिच्या जागी ५०० मालिकेतली सर्व्हर एरर येत असेल तर गूगल साइट वाचणंच थांबवतो. फाइल दुरुस्त केल्यावर लगेच फरक दिसेल असंही नाही, तिची जुनी प्रत गूगलकडे साधारण २४ तास राहते.

इथे एक गफलत नेहमी होते. एखादं पान गूगलमधून काढायचं म्हणून त्यावर नोइंडेक्सही लावतात आणि रोबोट्समध्ये डिसअलाउही करतात. बॉटला पान उघडायलाच मनाई असेल तर आतला नोइंडेक्स त्याला दिसणार कसा? पान काढायचं असेल तर डिसअलाउ उठवा आणि नोइंडेक्स ठेवा.

तिसरं कारण सगळ्यात उशिरा सापडतं. ‘आपलं गिऱ्हाईक इकडचंच’ म्हणून होस्टिंगवाला किंवा सुरक्षा प्लगइन भारताबाहेरचे सगळे आयपी, म्हणजे कॉम्प्युटरांचे इंटरनेटवरचे पत्ते, बंद करतो. गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपीवरून येतो. तुमच्या फोनवर साइट झकास चालते आणि गूगलला मात्र ४०३ (‘प्रवेश नाही’) मिळतो. लाइव्ह टेस्टमध्ये ‘पेज फेच’ फसलेलं दिसलं तर फायरवॉलचे नियम आधी पाहा. गूगलबॉटचं नाव लावून भलतेही बॉट येतात, म्हणून नुसत्या नावावर मोकळीक देऊ नका. आयपीचा उलटा डीएनएस शोध घेतल्यावर गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमचं नाव यावं आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी निघावा, तरच तो खरा.

फोनच्या पानावर मजकूर खरोखर आहे का

सर्वात जास्त वेळ इथे द्या.

पहिला दोष फोटोतल्या मजकुराचा. दरपत्रक कोरलड्रॉमध्ये बनवून त्याचा जेपीजी साइटवर टाकतात, कारण तोच व्हॉट्सअ‍ॅपवरही जातो. कलमाचा दर, खुंट जंबेरी की रंगपूर लाईम, ६ बाय ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडं, ही सगळी माहिती चित्रात अडकलेली. चित्रातली अक्षरं गूगल कधी ओळखेल, कधी नाही, त्यावर विसंबू नका. चित्र हवं तर ठेवा, पण खाली तीच माहिती साध्या तक्त्यात टाइप करा आणि चित्राच्या ‘ऑल्ट’मध्ये एक वाक्य लिहा. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच.

दुसरा दोष फॉन्टचा, आणि मराठी साइट्सना तो फार नडतो. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्टचं कातडं काढलं की खाली निरर्थक काला उरतो आणि गूगल तो काला वाचतो. डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल जशीच्या तशी चिकटवली की हे होतं. परीक्षा सोपी आहे: पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी राहिली तर युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरं), नाहीतर जुना फॉन्ट.

जुन्या फॉन्टातून युनिकोडात नेणारे कन्व्हर्टर मोफत मिळतात. पण रूपांतर झाल्यावर मजकूर डोळ्यांखालून घालाच. रफार सरकतो, ऱ्हस्व-दीर्घ उलटतात आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ हमखास मोडतात. जुन्या साइट्सवर ‘शेतक-यांसाठी’, ‘व-हाड’, ‘प-हाटी’ असं मध्ये आडवी रेघ मारून लिहिलेलं दिसतं ते यामुळेच. त्या रेघेने एका शब्दाचे दोन तुकडे होतात. शोधणारा ‘शेतकऱ्यांसाठी’ टाइप करतो आणि तुमच्या पानावर तो शब्दच नसतो. एडिटरच्या ‘शोधा आणि बदला’मध्ये असे शब्द एकेक करून दुरुस्त करा. सरसकट रेघ बदलू नका, खऱ्या जोडशब्दांतली रेघही जाईल.

युनिकोड असूनही पानावर नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दोष डेटाबेसच्या कॅरेक्टर सेटमध्ये आहे. तो यूटीएफ८एमबी४ हवा. आधीच प्रश्नचिन्हं होऊन साठलेला मजकूर मात्र परत मिळत नाही, तो नव्याने टाकावा लागतो.

तिसरा दोष, ‘फोनवर गर्दी नको’ म्हणून मजकूर कापण्याचा. डिझाइनर मोबाइलच्या पानावरून लागवडीचा तक्ता, प्रश्नोत्तरं, पत्ता काढून टाकतो. तो मजकूर ठेवा, हवं तर घडीत ठेवा. ‘अधिक वाचा’ दाबल्यावर उलगडणारा मजकूर पान उघडतानाच एचटीएमएलमध्ये आलेला असेल तर गूगल तो धरतो. दाबल्यानंतर सर्व्हरवरून मागवला जात असेल तर धरत नाही, कारण बॉट बटणं दाबत नाही. शीर्षक, वर्णन, स्ट्रक्चर्ड डेटा (सर्च इंजिनांसाठी ठरावीक साच्यात लिहिलेली माहिती), चित्रांचे ऑल्ट हेही फोन आणि कॉम्प्युटरवर सारखेच ठेवा.

मेनूकडेही लक्ष असू द्या. तीन रेघांच्या मेनूतल्या नोंदी खऱ्या लिंक, म्हणजे ‘ए’ टॅग आणि त्यात ‘एचरेफ’, अशा हव्यात. नुसत्या जावास्क्रिप्टच्या क्लिकवर चालणारा मेनू तुम्हाला चालतो, बॉटला पुढचा रस्ता दाखवत नाही.

आणि अख्ख्या पडद्यावर पसरणारा ‘आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जॉइन व्हा’ काढून टाका. मजकूर झाकणाऱ्या अशा पॉपअपबद्दल गूगलचा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. खाली छोटी पट्टी चालते.

व्ह्यूपोर्ट, वजन, वेग

हेड भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग हवा: विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल बरोबर १. तो नसेल तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून आखडतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. मजकूर १६ पिक्सेलच्या खाली नको. मराठीच्या मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींतलं अंतरही इंग्रजीपेक्षा थोडं मोकळं ठेवा.

वेगाचे तीन आकडे आहेत: मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, पान उघडताना मजकूर उड्या मारण्याचं माप ०.१ च्या आत असावं. मात्र वेग कमी म्हणून पान इंडेक्समधून बाद होत नाही. सर्व्हर अडखळत असेल तर गूगल कमी पानं वाचतो, तोटा तिथे होतो. लहान साइटसाठी सर्च कन्सोलचा वेगाचा अहवाल बहुधा रिकामाच असतो, कारण तो खऱ्या क्रोम वापरणाऱ्यांच्या माहितीवर बनतो. तेव्हा पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलचा टॅब बघा.

वजन वाढवणाऱ्या गोष्टी दोनच. फोनने काढलेला बागेचा तीन-चार एमबीचा फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपीमध्ये साठवला की दीड-दोनशे केबीत बसतो. त्याची रुंदी-उंची टॅगमध्ये लिहा आणि सर्वात वरच्या फोटोला लेझी लोड (खाली सरकल्यावरच फोटो उतरवण्याची सोय) लावू नका. देवनागरी वेबफॉन्ट जड असतो. एकच फॉन्ट, दोन जाडी, डब्ल्यूओएफएफ२ फाइल आणि ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’, इतकं पुरे. कोणताच वेबफॉन्ट घातला नाही तरी अँड्रॉइडचा स्वतःचा देवनागरी फॉन्ट मजकूर नीट दाखवतो.

एएमपी या हलक्या मोबाइल पानांच्या पद्धतीच्या मागे लागू नका, त्याची गरज उरलेली नाही.

जुनी ‘एम डॉट’ साइट

काही जुन्या साइट्सची मोबाइल आवृत्ती वेगळ्या पत्त्यावर असते. जमल्यास ती बंद करून एकच रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे पडद्याप्रमाणे जुळवून घेणारी, साइट करा आणि प्रत्येक जुनं मोबाइल पान त्याच्याच जोडीच्या पानाकडे ३०१ ने, म्हणजे कायमचं, वळवा. सगळी पानं मुखपृष्ठावर आपटली तर जुनी ओळख वाया जाते. तूर्त ठेवायचीच असेल तर डेस्कटॉप पानावर मोबाइलकडे बोट दाखवणारा ‘अल्टरनेट’ आणि मोबाइल पानावर डेस्कटॉपकडे बोट दाखवणारा ‘कॅनॉनिकल’ हवा. गूगल मोबाइलला प्राधान्य देतो म्हणून ही दिशा उलटायची नाही.

गावाचं नाव आणि पत्ता

पानाच्या टायटलमध्ये नुसतं ‘होम’ नको. ‘संत्रा कलमं: शेंदूरजनाघाट, ता. वरूड, जि. अमरावती’ असं लिहा. विदर्भात तर जिल्हा लिहिल्याशिवाय भागत नाही. कारंजा लाड वाशीममध्ये, कारंजा घाडगे वर्ध्यात. वणी यवतमाळात आहे तशी नाशिकमध्येही. रोमन लिपीत मराठी टाइप करणारे पुष्कळ असतात, म्हणून गावाचं आणि मालाचं नाव मजकुरात एकदा सहजपणे रोमनमध्येही येऊ द्या.

यूआरएल, म्हणजे पानाचा पत्ता, मात्र रोमनमध्येच ठेवा. देवनागरी यूआरएल गूगलला चालते, पण कॉपी केली की प्रत्येक अक्षरचिन्हाचे टक्केवारीच्या खुणांसह नऊ वर्ण होतात. वर्डप्रेस हा भाग २०० वर्णांत कापतो, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर पत्ता तुटतो. सारखीच सुरुवात असलेल्या दोन लेखांचे पत्ते तुटून एकसारखे झाले की दुसऱ्यामागे उगाच ‘२’ लागतो.

साइटमॅप आणि विनंती

वर्डप्रेस ५.५ पासून साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, आपोआप बनतो, एसइओ प्लगइन असेल तर तो स्वतःचा बनवतो. दोन्हींतला एकच सर्च कन्सोलच्या ‘साइटमॅप्स’मध्ये द्या. एका फाइलची मर्यादा ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी आहे, आपल्याला ती कधी लागत नाही. ‘प्रायॉरिटी’ आणि ‘चेंजफ्रीक’ गूगल बघत नाही. ‘लास्टमॉड’ (शेवटच्या बदलाची तारीख) बघतो, पण तारीख खरी असेल तरच. रोज आपोआप आजची तारीख टाकणारा साइटमॅप त्या तारखेची किंमत घालवतो.

मग महत्त्वाच्या पानांसाठी ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ एकेकदा दाबा. दिवसाची मर्यादा असते आणि तेच पान पुन्हा पुन्हा पाठवून काम लवकर होत नाही. काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. कलमांची लागवड पावसाळ्यात असते आणि गिऱ्हाईक आधीपासून चौकशी करतं, म्हणून हे काम मृगाच्या तोंडावर काढण्यापेक्षा होळीच्या आसपास उरका.

हंगाम संपला की पान उडवू नका. सगळा मजकूर काढून नुसतं ‘कलमं संपली’ असं लिहिलं तर गूगल त्याला ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे नसल्यात जमा पान, समजू शकतो. माहिती तशीच ठेवा, वर ‘पुढील नोंदणी कधी’ ते लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर दर बदला.

तरीही येत नसेल तर

‘पेजेस’ अहवालातलं कारण बघा. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता माहीत आहे पण गूगल अजून आलेला नाही. सर्व्हर मंद आहे का बघा, मुखपृष्ठावरून त्या पानाला लिंक द्या. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ हे जास्त बोचरं आहे: वाचलं, पण ठेवावंसं वाटलं नाही. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड अशी फक्त गावाची नावं बदलून तोच मजकूर वीस पानांवर टाकला की हेच होतं. ती वीस पानं मोडून एक भरघोस पान करा: खुंटाचा प्रकार, कलमाचं वय, वाहतुकीची सोय, कोणत्या तालुक्यांत माल पोचतो. ‘डुप्लिकेट’ आलं तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि त्याविना, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, या चारपैकी एकच पत्ता ठेवून बाकी तीन ३०१ ने तिकडे वळवा.

पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही आणि इंडेक्स करण्याचे पैसे गूगल घेत नाही.

सगळं झाल्यावर बिंग वेबमास्टर टूल्समध्ये लॉगिन करून ‘गूगल सर्च कन्सोलमधून इम्पोर्ट’ निवडा, पाच मिनिटांचं काम आहे. बिंगसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला इंडेक्सनाऊ वर्डप्रेसच्या प्लगइनने सुरू करता येतो, पान बदललं की तो लगेच कळवतो. गूगल तो वापरत नाही, त्यामुळे त्या बाजूला सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमधला ‘क्रॉल स्टॅट्स’ महिन्यातून एकदा उघडत चला. तिथे होस्टची स्थिती लाल दिसली तर होस्टिंगवाल्याला त्याच दिवशी, पडद्याच्या फोटोसकट, कळवा.